चंद्रा बारा दिवस वाट बघत होती

आज मटार सोलायला बसले आणि गंमत म्हणून एकेक डोळा मिटून बघितलं. उजव्या डोळ्याने दाणा हिरवागार, डाव्याने नुसता पिवळट ठिपका, जुन्या फोटोतला असावा तसा. उजव्याचा मोतीबिंदू काढला त्याला दोन वर्षं झाली. आता डाव्याची पाळी. सोमवारची तारीख मिळाली आहे. डॉक्टर म्हणाले, आजी, वीस मिनिटांचं काम, घाबरायचं काही कारण नाही. मी मान हलवली. कारण त्यांना कुठे माहीत आहे? सुईला मी भीत नाही, त्या पांढऱ्या दिव्यालाही नाही. मला भीती वाटते ती नंतरच्या दिवसांची. डोळ्यांवर अंधार असतो, अंगावर उबदार पांघरूण असतं, कोणीतरी शेजारी बसून काहीतरी विचारतं, आणि मी आपलं पटकन उत्तर देऊन मोकळी होते. त्या उत्तराची भीती वाटते.

सांगूनच टाकते, म्हणजे तुम्हालाही पुढचं नीट ऐकता येईल. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, खाटेवर पडल्या पडल्या, एका जित्याजागत्या मुलीला मी माझ्या तोंडाने धोक्याच्या वाटेवर धाडलं. गोष्टीतल्या मुलीला धाडते आहे असं समजून.

पुण्याची थंडी तशी गरीब. आठवडाभर कडक वागून दाखवते आणि मग दुपारी बाराला स्वेटर काढायला लावते. पण आमच्या सदाशिव पेठेतल्या या घरात ती मुक्कामालाच असते. समोरच्या इमारतीने ऊन अडवलंय, त्यामुळे दुपारी चारलाही खोलीत संध्याकाळ असते. बोरांचा वास, ओल्या हरभऱ्याच्या टहाळ्याची आंबट धूळ, माळ्यावरून काढलेल्या रजईतली डांबराच्या गोळ्यांची झाक. यातलं काहीही नाकाशी आलं की मी अजूनही दाराकडे बघते. लोकांना हुरड्याची आठवण येते, मला मोनालीचा आवाज आठवतो. "काकू, पुढं दोन वाटा आहेत. कोणती घेता?"

मोनाली माझ्याकडे राहायची. हे गेल्यापासून आतली खोली मी शिकणाऱ्या मुलीला देते, घरात पावलं वाजत राहतात. ती दिग्रसची, यवतमाळकडची. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. पोरगी स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होती. मागच्या बोळातल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जायची, दुपारी जेवायला यायची. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. "मी येऊन राहिली ना काकू," म्हणायची, आणि खरंच जिन्यात असायची. आमच्याकडे 'येतेच' म्हणणारी माणसं अजून घरून निघालेलीही नसतात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन दिवसांनी टीव्ही बघा, फोन बघा, काही होत नाही. पण माझ्या आईचं ऑपरेशन मी पाहिलेलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. त्या धाकाने मी आपली आपणच चाळीस दिवसांची शपथ घेतली. वाचन नाही, फोन नाही, काळा चष्मा उतरवायचा नाही. मार्गशीर्ष लागताच ऑपरेशन झालं, भोगीला चाळीस दिवस भरत होते. वर्षा, माझी मुलगी, वारज्याला असते. ती वैतागली. आई, डॉक्टर वेडे आहेत का? मी म्हटलं, डॉक्टर शहाणे असतील, डोळा माझा आहे.

वाचनाशिवाय राहणं मला सोपं नाही, त्यामागे एक गोष्ट आहे. मी शाळेत सातवीपर्यंत. लग्न होऊन पेठेत आले आणि वीस वर्षं घरी बसून छापील कागदांना घड्या घातल्या. एका मोठ्या कागदावर पुस्तकाची सोळा पानं छापलेली असतात, त्याला फर्मा म्हणतात. हाडाची चपटी पट्टी घेऊन त्याची घडी घालायची, कडा जुळवायच्या, गठ्ठा बांधून बांधणीवाल्याकडे पोचवायचा. उघड्या फर्म्यावर पानं ओळीने नसतात. दोनच्या शेजारी पंधरावं, समोर सातवं उलटं. या पानावर एक बाई विहिरीत वाकून बघते आहे आणि शेजारच्या पानावर तिच्याच मुलाचं बारसं. मेलेला माणूस पुढच्या घडीत चहा पितोय. मी अशीच वाचायला शिकले, घड्यांच्या मधून. शेवटचा फर्मा बहुधा दुसऱ्याच बाईकडे जायचा, म्हणून मला गोष्टींचे शेवट फारसे माहीत नसायचे. आणि मधलं काही जुळलं नाही तरी मी कधी थांबत नसे. जुळवणं हे बांधणीवाल्याचं काम. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझी चूक इथूनच निघाली.

तर मोनालीने माझ्या फोनमध्ये एक गोष्ट उतरवून घेतली. फोन माझाच, वर्षाने दिलेला जुना, पण मोठ्या पडद्याचा. गोष्ट म्हणजे अशी, की ती आपण चालवायची. थोडं वाचून झालं की पडद्यावर दोन चौकटी येतात, दोन वाटा. खाली एक मेणबत्ती जळत असते. ती विझायच्या आत एका चौकटीवर बोट ठेवायचं, नाहीतर गोष्ट स्वतःच वाट ठरवते. मुलीचं नावसुद्धा आपण ठेवायचं. मी ठेवलं चंद्रा. पुस्तकात असं कधी असतं का? पुस्तकातली बाई आपल्याला विचारून विहिरीत वाकत नाही.

गोष्ट हिंदीत होती. मोनाली मनात वाचायची आणि मला तिच्या मराठीत सांगायची. एका गडावर दिवे लावणारा म्हातारा पहिल्याच पानावर मरतो. मग गडावरचे दिवे एकेक करून विझायला लागतात, आणि जिथे दिवा विझतो तिथली माणसं दिसेनाशी होतात. त्याची मुलगी चंद्रा बापाचा कंदील घेऊन सात दारं ओलांडून विस्तव आणायला निघते. ऐकताना माझ्या हातावर काटा यायचा. काळ्या चष्म्याआडचा अंधार आणि गडावरचा अंधार एकच व्हायचा. मधेच फोनमधून वारा सुटल्यासारखा आवाज यायचा, कुठेतरी कडी वाजायची. मी रजई नाकापर्यंत ओढून म्हणायचे, बंद कर ते, आणि ती बंद करायला लागली की म्हणायचे, राहू दे.

मी निवडणारी कशी होते तेही ऐका. पहिल्या दारावर घुबडाच्या तोंडाचा पहारेकरी. त्याने विचारलं, कंदिलात तेल किती? खरं सांगायचं की कंदील पदराखाली लपवायचा? मी म्हटलं, लपव. पदर पेटला, चंद्रा मेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दाराशी तळघरातून कोणीतरी रडत होतं. जाऊन बघायचं की गप्प बसून राहायचं? मी म्हटलं, आपण कशाला मध्ये पडायचं, बस गप्प. वरून कोणीतरी धान्य ओतायला लागलं आणि चंद्रा दाण्यांखाली बुडाली. मोनाली खो खो हसत होती. म्हणाली, काकू, तुम्ही चंद्राले घरून निघूच देऊन नाही राहिल्या. मी म्हटलं, मग काय बाईने कंदील घेऊन गडभर हिंडायचं? तर म्हणे, गोष्टच ती आहे.

मी एकदा विचारलं होतं, घेतलेली वाट बदलता येते का गं? थोडं मागे जाता येतं का? नाही म्हणाली. मेली की पहिल्यापासून सुरू, पण जिवंत असेपर्यंत मागचं दार उघडत नाही.

कशीबशी तिसऱ्या दारापर्यंत पोचलो. तिथून पुढे गोष्टीचा रंग बदलला. कसा ते मला आत्ता सांगता येतंय, तेव्हा नुसतं भ्यायला व्हायचं. वाऱ्याचा आवाज बंद झाला. मोनाली म्हणाली, बॅटरी वाचवून राहिली. माझा डावा डोळा तेव्हा अर्धा तरी होता, काळ्या चष्म्यातून तिच्या हनुवटीवर फोनचा निळा उजेड पुसट दिसायचा. तो दिसेनासा झाला. मला वाटलं, डाव्याचेही आता दिवस भरत आले. तिचं सांगणं हळू झालं, शब्दाशब्दाला अडखळायला लागलं. मला वाटलं, हिंदी अवघड झालं असेल. माणूस स्वतःला किती कारणं पुरवतो बघा.

आता चंद्राच्या मागे एक काळा स्वार लागला होता. ती चालली की घोड्याच्या टापा वाजत, ती थांबली की थांबत. आधी तो चांगला वागायचा, तिचा कंदील धरायचा. आता नुसता मागे असायचा. मोनालीने विचारलं, वळून त्याला जाब विचारायचा, की न बघता चालत राहायचं? मी एका क्षणात म्हटलं, चालत राहायचं, नजर खाली. मला माझ्या आईने हेच सांगितलं होतं, तिला तिच्या आईने.

दोन-तीन दिवसांनी त्या स्वाराने तळ्यातलं चंद्राचं प्रतिबिंब उचललं, रुमालासारखी घडी घातली आणि खिशात ठेवलं. म्हणाला, मी सांगेन तसं वाग, नाहीतर हे तुझ्या गावात प्रत्येक दाराला टांगीन. कोणाच्या डोक्यातून निघतं हे, मी म्हटलं. मग मोनालीने विचारलं, चंद्राने बापाला सांगायचं की गप्प राहायचं? मी म्हटलं, बापाला कशाला? त्याचा जीव जाईल. गप्प राहायचं.

चंद्राचा बाप पहिल्याच पानावर मेला होता. माझ्या लक्षातच आलं नाही. सात दारांच्या गोष्टीत मेलेला बाप तिसऱ्या दारानंतर जिवंत कसा, हे कोणीही विचारलं असतं. मी नाही विचारलं. मेलेली माणसं पुढच्या घडीत चहा पिताना मी जन्मभर पाहिली होती.

भोगीच्या आदल्या दिवशी शेवटचा प्रश्न आला. स्वार म्हणाला, उद्या सूर्य कलताना ये, पावसाळ्यात नदी ज्याला गिळते आणि थंडीत परत देते त्या पुलावर. एकटी आलीस तर प्रतिबिंब परत मिळेल. जायचं की नाही जायचं? मी विचार केला, हो, मी खरंच विचार केला, आणि म्हटलं, जा बाई एकटी, आण आपलं आपण आणि विषय संपव. चारचौघांत बोभाटा नको.

"नक्की ना, काकू?"

"नक्की. मेणबत्ती विझायला आली का?"

"आली," मोनाली म्हणाली.

भोगीला मी तिळाची बाजरीची भाकरी केली, सगळ्या शेंगा घालून भाजी केली. चाळीस दिवस पुरे झाले म्हणून लोणीही जास्त घेतलं, डोळ्याचं उद्यापनच ते. मोनालीने अर्धी भाकरी खाल्ली. न खाई भोगी तो सदा रोगी, असं मी म्हटलं तर नुसती हसली. आज उशीर होईल म्हणाली. जाताना माझ्या पाया पडली. मला वाटलं, सणाचं पडली असेल.

साडेचार वाजता मी काळा चष्मा काढला, फोन हातात घेतला, म्हटलं बघू तरी आपली चंद्रा दिसते कशी. गोष्ट उघडली. तिसऱ्या दाराचं चित्र होतं. हातात कंदील घेतलेली एक मुलगी, माझ्याकडे पाठ करून. आणि त्यावर अक्षरं, ऑपरेशननंतर या डोळ्याने वाचलेली पहिली अक्षरं ती. "चंद्रा बारह दिन से आपकी राह देख रही है।"

आधी मला कळलंच नाही. कालच तर आम्ही पुलापर्यंत आलो होतो. मी दाबून बघितलं, पुढे गेले. चौथ्या दारात साप होता, त्याच्यापुढे कोडं होतं. स्वार नव्हता. तळं नव्हतं. पूल नव्हता. मग हळूहळू, थंड पाणी पायापासून वर चढावं तसं कळत गेलं. बारा दिवस ती पोरगी माझ्या खाटेशी बसून काळ्या, बंद पडद्याकडे बघत बोलत होती. त्या वाटा फोनमध्ये नव्हत्याच. त्या तिच्या होत्या, आणि निवडत होते मी.

तिचा नंबर लावताना तीनदा चुकला. मग लागला, नुसताच वाजत राहिला. पोलिसांना फोन करावा असं डोक्यात आलं. सांगणार काय पण? की गोष्टीतल्या मुलीला मी पुलावर पाठवलंय? नदी गिळते तो पूल कुठला, ते पेठेत राहणाऱ्या माणसाला विचारावं लागत नाही. नदीपात्रातला तो बुटका पूल, धरणातून पाणी सोडलं की दोन्ही बाजूंना अडथळे लावून बंद करतात तो. मी पायात मिळेल ती चप्पल घातली. पाच वाजता थेंब घालायचे असतात म्हणून बाटल्या हाताशी काढून ठेवलेल्या, त्या का उचलल्या मला माहीत नाही. काहीतरी धरायला हवं होतं.

रिक्षात बसल्यावर जी भीती वाटली तिला मी अजून नाव शोधतेय. चाळीस दिवसांनी उघड्या डोळ्यात ऊन शिरत होतं, सगळं पांढरं, धारदार, पाण्याने डबडबलेलं. तिळगुळाच्या गाड्या, हलव्याच्या दागिन्यांचे ढीग, बायकांची गर्दी. सगळं शहर सणाच्या घाईत आणि मी मनात मोजत होते, मी काय काय म्हणाले. नजर खाली. गप्प राहायचं. एकटी जा. तीन दारं. तिन्ही दारांवर माझ्याच हाताची खूण.

ती पुलाच्या अलीकडे, पात्रातल्या रस्त्याच्या कडेला उभी होती. मोटारसायकलवर एक मुलगा. मी कोणीतरी भयंकर बघायला गेले होते. हा तर कोणाच्याही घरातला, नीट भांग पाडलेला, हातमोजे काढून टाकीवर ठेवलेले. तेच जास्त भयंकर होतं. तो तिला मागे बस म्हणत होता. ती बसत नव्हती, पण तिचा हात सीटवर होता.

मी सरळ त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मोनाली, माझ्या थेंबांची वेळ झाली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्याने विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, हिची काकू, आणि तुम्ही जरा थांबा, पाच मिनिटं लागतात. तिथे एक सिमेंटचा ठोकळा होता, त्यावर बसले आणि मान मागे टाकली. तिने गार बोटांनी पापणी ओढून थेंब घातला. एक गालावर सांडला, दुसरा डोळ्यात गेला. आता पाच मिनिटं डोळा मिटून बसायचं, मगच दुसऱ्या बाटलीतला घालायचा. चाळीस दिवसांचा नेम. मी दोन्ही डोळे मिटले. अनोळखी माणूस हातभर अंतरावर, गाड्या अंगावरून जातायत, आणि मी अंधारात. एवढी कधी भ्याले नाही. पण मला अंधारातच बोलता येणार होतं, आणि तिलाही.

मी म्हटलं, "काल मी चुकले. आपण एक दार मागे जाऊ. चंद्रा बापाला सांगते."

"मागं नाही जाता येत, काकू."

"फोनमधल्या गोष्टीत नसेल येत. फोन लाव."

तो म्हणाला, काय नाटक आहे हे. मग मला बटणं दाबल्याचे बारीक आवाज आले, आणि दिग्रसला घंटी वाजायला लागली. तिने तीन-चार वाक्यांत सांगितलं. अभ्यासिकेतला एक मुलगा आहे, आधी मैत्री होती. मी नाही म्हटल्यावर त्यानं फोटो गावात पाठवतो म्हटलं. फोटो वाईट नाहीत, बाबा, साधे आहेत. पण गावात साधेही पुरतात. आणि आत्ता तो इथं उभा आहे.

पलीकडे हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला. त्या शांततेत मी माझं उत्तर ऐकत होते, त्याचा जीव जाईल. मग तिच्या वडिलांचा आवाज आला, सावकाश, थकलेला. "त्याले ऐकू येऊ दे." तिने आवाज मोठा केला. ते म्हणाले, "पाठव बाबू. मले पाठव, माह्या भावाले पाठव, साऱ्या गावाले पाठव. पोरगी माही हाये, मी पाहीन."

तो गेलेला मी पाहिला नाही. गाडी सुरू झाल्याचं, मग दूर गेल्याचं ऐकलं, अगदी गोष्टीतल्या टापांसारखं. मोनालीने माझा खांदा धरला होता तो पाच मिनिटं पुरी होईतो सोडला नाही. मग दुसऱ्या बाटलीतला थेंब घातला. तोही गालावर सांडला.

सकाळी तिचे वडील बसमधून उतरले, नखांत ग्रीस तसंच. आम्ही तिघं चौकीवर गेलो, रीतसर लिहून दिलं. पुढचे महिनाभर जिन्यात गाडीचा आवाज आला की ती आणि मी, दोघीही हातातलं काम टाकायचो. असो. आता ती नागपूरला नोकरी करते. परीक्षा नाही निघाली, निघेल म्हणते.

जायच्या आधी मी तिला विचारलं होतं, अगं, सरळ का नाही विचारलंस मला? ती म्हणाली, सरळ विचारलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी काळजी करून काही तरी गोड सांगितलं असतं. मला ऐकायचं होतं, माहीत नसताना तुम्ही काय म्हणता. मी म्हटलं, मग ऐकलंस. तर म्हणाली, "ऐकलं ना काकू. म्हणून तर गेली."

हे वाक्य दोन वर्षं माझ्याबरोबर राहतंय. मटार सोलताना येतं, देवापुढे येतं. आणि ते येतं तेव्हा एकटं येत नाही, मागून वर्षा येते. आजची नाही, सोळा वर्षांची. समोर बसून माझ्याबरोबर फर्म्यांना घड्या घालणारी. संध्याकाळच्या गणिताच्या क्लासला जायची तेव्हा. एक दिवस हातातली पट्टी थांबवून म्हणाली, आई, समजा एखाद्या मुलीला क्लासला जायची भीती वाटत असेल तर... मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, समजा-बिमजा नको, कडा जुळव. आठ दिवसांनी तिने क्लास सोडला. गणित झेपत नाही म्हणाली. मी सगळ्यांना तेच सांगितलं, आमच्या वर्षाचं डोकं गणितात नाही. चांगली गुणी मुलगी, बँकेत लागली, आयुष्यभर आकडेच मोजले तिने. कोणाला खटकलं नाही. मलाही नाही, मोनाली येईपर्यंत.

वर्षा दर गुरुवारी येते, चहा करते, माझी औषधं लावते. आणि दोन वर्षं दर गुरुवारी विचारायचं म्हणून मी तोंड उघडते आणि म्हणते, साखर जरा कमी घाल.

आज मंगळवार. मघाशी तिचा फोन आला. सोमवारची सुट्टी टाकली म्हणाली, रात्री राहीन, काय काय आणू? तिच्याकडे कुकर लावलेला, त्याची सूं सूं ऐकू येत होती. मी म्हटलं, आणू काही नकोस. पट्टी असेल तेव्हा मला गोष्ट वाचून दाखव. ती हसली. आई, मला ते फोनवरचं नाही जमत, मी म्हातारी झाले आता.

मी म्हटलं, "फोन बंद ठेवून वाचलीस तरी चालेल."

कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. मग गॅस बंद केल्याची खट् ऐकू आली.

"कुठली गोष्ट, आई?"

"तू 'समजा' म्हणाली होतीस ती. तिथून पुढे."

मेणबत्ती असती तर तीनदा विझली असती. मी थांबले. काही सुचवलं नाही, कुठली वाट पुढे केली नाही. जिभेवर आलेलं सगळं गिळलं.

"उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्या बुधवार. माझी वर्षा बुधवारी कधीच येत नाही. मटार सोलून झालेत, टरफलं तशीच मांडीवर आहेत. दाराची कडी मी आत्ताच काढून ठेवली आहे.